'क्षत्रप' की 'सुभेदार'?

प्रश्न : इटालियन पंडित लोरेन्झो वाल्लाच्या १४४० मधल्या लेखनातला उतारा मराठीत करते आहे. सम्राट कॉन्स्टंटाइनने रोम आणि पश्चिमेचा मुलूख पोपला दिला असं सांगणारं दानपत्र बनावट आहे, हे त्याने दाखवलं. त्या दानपत्रात 'सत्राप' येतात. 'क्षत्रप' लिहू की 'सुभेदार'? क्षत्रप म्हटलं की पेपरातले 'प्रादेशिक क्षत्रप'च डोळ्यांपुढे येतात.

उत्तर : क्षत्रपच. सुभेदार केलंत तर वाल्लाचा मुद्दाच बुडाला. सत्राप हे इराणी बादशहाचे अधिकारी, रोमच्या हुकुमात ते आले कुठून, म्हणून तर तो दानपत्र रचणाऱ्याला ठोंब्या म्हणतो. कागद मिरवतो चौथ्या शतकाचा, रचला आठव्यात. वाचकाला तिथे खटकलंच पाहिजे.

शब्द मुळात जुना इराणी, 'क्षत्रपावन'च्या जवळपासचा. हा 'पावन' म्हणजे पवित्र नव्हे. 'पा' म्हणजे राखणे, आपल्या 'भूप'मधला. ग्रीकांमार्फत तो लॅटिनमध्ये गेला आणि शकांबरोबर आपल्याकडे आला. नाशिकच्या पांडवलेण्यात शक राजा नहपानाच्या जावयाचा लेख आहे, त्यात सासऱ्याला क्षत्रपच म्हटलंय. एकच शब्द, नाशकात अस्सल आणि रोमात चोरी पकडून देणारा!

दुसरं मत : 'बनावट दानपत्र'ला 'कूटशासन' कसा वाटतो? मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात खोटी राजशासनं करणाऱ्यांना देहदंड सांगितलाय.

उत्तर : शब्द देखणा आहे, पण आज 'शासन' म्हटलं की मंत्रालय. लोक भलतंच वाचतील.

प्रश्नकर्ती : मग बनावटच ठेवते. प्रस्तावनेत वाल्लाला 'निःपक्ष संशोधक' म्हटलं तर?

उत्तर : 'निःपक्ष' काढा. तो नेपल्सच्या आल्फोन्सो राजाच्या पदरी होता आणि नेपल्सवरूनच राजाचं पोप चौथ्या युजीनशी वाजलं होतं. लिखाणात भाषेची पारख आहे तेवढीच वकिलीही आहे. पारख खरी निघाली, ही गोष्ट वेगळी. गंमत म्हणजे १४४८ मध्ये पोप पाचव्या निकोलसने त्यालाच नोकरीत घेतलं.

प्रश्नकर्ती : सुभेदार खोडला, निःपक्षही. आता 'डायडेम'. दानपत्रात तो सोन्याचा आहे, वाल्ला म्हणतो तो कापडाचा असतो. मुकुट लिहू?

उत्तर : मुकुट लिहिलात तर पुन्हा सुभेदाराचीच गत. 'पट्ट' पाहा, पट्टराणी आणि पट्टाभिषेकातला. पट्ट म्हणजे कापडही आणि कपाळावर बांधायचं राजचिन्हही.