अँजिओग्राफी क्लीन आली तरी हार्ट कमजोर? बाबांना डीसीएम निघालंय

रामबागची_लेक (इंदूर):
नमस्कार मंडळी, जरा घाबरूनच लिहितेय. बाबा ५८ चे, दोन महिन्यांपासून जिना चढताना दम, रात्री आडवं झालं की खोकला, पायाला सूज. आम्ही समजलो दमा असेल. एको (हार्टची सोनोग्राफी) केला तर ईएफ ३० आणि खाली लिहिलंय डायलेटेड कार्डिओमायोपॅथी, म्हणजे डीसीएम. अँजिओग्राफी केली तर एकही ब्लॉकेज नाही!! मग हार्ट खराब झालं कशानं? डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि पुढचा पेशंट आत बोलावला, विचारायचं राहूनच गेलं. नातेवाईक एकेक येऊन विचारतात गुपचूप घेतात का म्हणून, अहो बाबांनी आयुष्यात सुपारी खाल्ली नाही. बाकी घरात कुणाला हार्टचं नाही, म्हणजे एक काका ४१ व्या वर्षी झोपेतच गेले पण तो अटॅक होता. ईएफ ३० म्हणजे ७० टक्के हार्ट गेलं का?

एकोवाली_ताई (बडोदा):
ताई आधी श्वास घे. ईएफ १०० कुणाचंच नसतं ग. डावा कप्पा भरला की एका ठोक्यात त्यातलं किती रक्त बाहेर पडतं त्याची ती टक्केवारी, चांगल्या माणसाची ५५ ते ७०. म्हणजे ३० कमी आहेच, पण ७० टक्के गेलं असा हिशोब नाही. आणि अँजिओग्राफी हार्टला रक्त पुरवणाऱ्या नळ्या बघते, हे दुखणं पंपाचं, म्हणजे हार्टच्या स्नायूचं आहे. नळ्या साफ असूनही स्नायू ताणून पातळ होतो, कप्पा फुग्यासारखा मोठा होतो, तेच डायलेटेड. कारणं पुष्कळ, दारू त्यातलं एक फक्त. व्हायरल तापानंतर स्नायूला सूज येऊन होतं, थायरॉइडनं होतं, ठोके महिनोन्‌महिने फास्ट राहिले तरी होतं, कॅन्सरच्या डॉक्सोरुबिसिन औषधानं होतं, बाळंतपणाच्या शेवटच्या महिन्यात किंवा नंतरच्या काही महिन्यांत बायकांना होतं (आणि घरचे म्हणतात बाळंतिणीला दम लागणारच!). बऱ्याचदा कारण सापडतच नाही, आणि जीनमधून येणारंही कमी नसतं.

भिया_जी (इंदूर):
अर्जुनाची साल उकळून द्या, माझ्या सासऱ्यांचा फरक पडला.

ग्वाल्हेरकर_६७:
@भिया_जी डॉक्टरांना न विचारता नको हो, या गोळ्यांनी आधीच बीपी उतरलेलं असतं.

रामबागची_लेक, मी स्वतः पेशंट आहे, पण माझा प्रकार उलटा, हायपरट्रॉफिक. यात स्नायू जाड होतो. साधारण भिंत सेंटिमीटरभर, माझी १९ मिलिमीटर. दर ५०० माणसांत एकाला असतं म्हणे आणि बहुतेकांना पत्ता नसतो, मलाही नोकरीच्या मेडिकलमध्ये कळलं. पळता पळता जी तरणी पोरं कोसळतात ना, त्यातल्या काहींना हेच असतं. तिसरा रिस्ट्रिक्टिव्ह, स्नायू कडक होतो, ढिला होऊन भरतच नाही, अमायलॉइड नावाचं प्रथिन स्नायूत साठलं की असं होतं. चौथ्यात स्नायूच्या जागी चरबी येते, बहुधा उजव्या बाजूला, आणि ठोके बिघडतात. एक तर जबर धक्का बसल्यावर होणारा पण आहे, ताकोत्सुबो, जपानी लोक ऑक्टोपस पकडायला जे मडकं वापरतात त्या आकाराचं हार्ट दिसतं, तो मात्र बहुतेकदा काही आठवड्यांत बरा होतो.

पण हे सगळं राहू द्या. तुम्ही काकांचं एका ओळीत उरकलंत. ४१ व्या वर्षी झोपेत गेले, तो अटॅकच होता हे कुणी सांगितलं? पोस्टमॉर्टेम झालं होतं का?

एकोवाली_ताई (बडोदा):
हो मीही तिथेच अडकले. खानदानी प्रकार असेल तर बहुतेक वेळा प्रत्येक मुलाला यायचा चान्स निम्मा निम्मा, मुलगा मुलगी फरक नाही. तू, तुझी भावंडं, बाबांची भावंडं, काकांची मुलं, सगळ्यांचा ईसीजी आणि एको व्हायला हवा. आज नॉर्मल आला तरी काही वर्षांनी परत, कारण हे उशिरा पण दिसतं. बाबांच्या गोळ्या बरं वाटलं म्हणून बंद करू नका, काही महिन्यांत ईएफ बराच वर आलेले पेशंट मी रोज बघते. मीठ कमी. सेव, पापड, लोणचं बंद, आणि हो, पोह्यावर भुरभुरतो त्या जिरावन मसाल्यात पण मीठच असतं.

रामबागची_लेक (इंदूर):
पोस्टमॉर्टेम नव्हतं झालं. काल रात्री आईला विचारलं तर म्हणाली काकांना वर्षभर आधीपासून दम लागायचा, सगळे म्हणायचे सिगरेट सोड. अंगावर काटा आला. त्यांचा मुलगा देवासला असतो, ३४ चा, रोज बॅडमिंटन खेळतो. फोन केला तर आधी हसला, मग गप्पच झाला. सोमवारी आम्ही दोघं एको करतोय. जिरावनचा डबा लपवलाय, बाबा पोह्याची प्लेट घेऊन घरभर शोधतायत.

ग्वाल्हेरकर_६७:
त्याला म्हणावं रिपोर्ट येईपर्यंत रॅकेट कपाटात ठेव. आणि सोमवारी काय निघतं ते इथे लिहा.