फेब्रुवारीचे ३०० रुपये

"रोहयो (महाराष्ट्राची रोजगार हमी योजना) म्हणजे सरकारने तिजोरीतून वाटलेली खिरापत," असं कुणीतरी म्हटलंय ते पटलं नाही. खिरापत मिळते ती देणाऱ्याची मर्जी असेल तर. १९७२ च्या दुष्काळात आमची आजी पाझर तलावावर पाट्या टाकायची तेव्हा तसंच होतं. काम निघालं तर निघालं, मुकादमाने मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, नाव चढवलं तर मजुरी. (कामावर खायला मिळायच्या त्या सुकडीची चव मात्र तिला शेवटपर्यंत नको वाटायची.) विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या आग्रहाने आलेली योजना १९७७ च्या कायद्यात गेली, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला आणि गोष्ट उलटी झाली. काम मागितल्यावर १५ दिवसांत द्यायचं, नाही दिलं तर बेकारी भत्ता. भत्ता किमान रोज १ रुपया, म्हणजे चेष्टाच, पण मागायचा हक्क कागदावर आला. दिल्लीचा, म्हणजे केंद्राचा, रोजगार हमी कायदा यायला पुढे २००५ उजाडलं.

आणि तिजोरीचं म्हणाल, तर पगाराची स्लिप काढून बघा. व्यवसाय कराचे महिन्याला २०० कापतात ना, फेब्रुवारीत ३००? तो कर १९७५ मध्ये लावला तोच मुळी रोहयोसाठी, आणि जेवढा कर गोळा होईल तितकीच भर सरकारनेही घालायची असं ठरलं होतं. शहरातल्या पगारदाराच्या खिशातून गावच्या बांधबंदिस्तीला पैसा! आमच्या ऑफिसात हे कुणालाच माहीत नव्हतं, अकाउंट्सवाल्यालासुद्धा.