चकवा लागणं हे नैसर्गिक की अलौकिक? आणि मुळात ही रेघ मारायची कुठं?

बेसारोडवाला:
नमस्कार मंडळी. परवा घरी एक वाद झाला तो डोक्यातून जाऊनच नाही राहिला म्हणून इथं टाकतो. आमचे आबाजी मूळचे भिवापूरकडचे, ऐंशीच्या वर वय आहे. तरुणपणी एकदा रात्री बाजार करून गावाकडे येताना त्यांना चकवा लागला. पायवाट रोजची, पण चालून चालून परत त्याच मोहाच्या झाडाखाली, एकदा नाही तीनदा. दुसऱ्यांदा त्यांनी खूण म्हणून हातातली काठी खोडाला टेकवून ठेवली आणि तिसऱ्यांदा अंधारात चाचपून पाह्यलं तर काठी तिथंच. मग खाली बसले ते तांबडं फुटेपर्यंत उठलेच नाही, कारण चकवा लागला की चालायचं नाही, बसून राह्यचं, असं त्यांच्या वडिलांनी सांगून ठेवलं होतं. उजाडल्यावर पाहतात तर गाव दोन वावरांच्या पलीकडे.

माझी मुलगी बारावीत आहे, ती म्हणाली आबाजी असं सुपरनॅचरल काही नसते. आबाजी म्हणाले, "माह्यासंग झालं ना बाई, मंग नसते कसं?" मी मधे बसलो होतो आणि मला कोणाचीच बाजू घेता आली नाही.

प्रश्न असा आहे. जे काही घडते ते जगातच घडते ना? उद्या समजा भूत खरंच सापडलं, त्याचं वजन करता आलं, ते कधी येते कधी नाही याचे नियम कळले, तर तेही फिजिक्सच्या पुस्तकात जाईल आणि नैसर्गिकच होईल. मग अलौकिक म्हणजे फक्त "अजून कळलं नाही" एवढंच का? तसं असेल तर मुलीचं वाक्य काहीच सांगत नाही, ते डेफिनिशननंच खरं आहे. आणि तसं नसेल तर रेघ नेमकी कुठं आहे? टिंगल नको प्लीज, आबाजी खोटं बोलत नाहीत हे मला पक्कं माहीत आहे.

रानवाटा_विदर्भ:
भाऊ, आबाजींचा अनुभव शंभर टक्के खरा असणार. 2009 मध्ये जर्मनीतल्या मॅक्स प्लांक संस्थेच्या लोकांनी माणसांना जंगलात आणि सहाराच्या वाळवंटात जीपीएस लावून सरळ चालायला सांगितलं होतं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर चालणारे बऱ्यापैकी सरळ गेले, ढग आले की गोल फिरून आपल्याच वाटेवर परत, आणि त्यांना वाटत होतं की आपण सरळच चाललो आहे. डोळे बांधले तर कधीकधी 20 मीटरपेक्षाही लहान गोल. "समोर" म्हणजे कुठं याचा जो अंदाज डोक्यात असतो त्यात दर पावलाला थोडी थोडी चूक साठत जाते. म्हणजे बसून राहा, उजाडू दे, हा आबाजींच्या वडिलांचा सल्ला एकदम बरोबर होता.

आमच्या गोंदियाकडे हेच काम भुलनवेलीच्या नावावर आहे, तिच्यावर पाय पडला की माणूस वाट विसरतो म्हणतात, छत्तीसगडात भुलन कांदा म्हणतात. मी रानात बरंच फिरलो, अशी वेल कोणी मला हातात आणून दाखवली नाही.

धंतोली_७७:
वरची भुलनवेल फार कामाची आहे, बेसारोडवाले, तिच्याकडे नीट पाहा. वेल हे कारण बहुतेक चूक आहे. पण चूक असलं तरी ते अलौकिक नाही, वेल ती वेल, पाय पडला की परिणाम, राजा असो की भिकारी. याच्या उलट "अमक्याचा आत्मा त्या मोहावर आहे आणि त्याला तुम्ही यावं असं वाटते म्हणून तो वळवतो" हे कारण वेगळ्याच जातीचं आहे. दोन्हीही "अजून सिद्ध नाही" या खान्यात बसतात पण दोन्ही सारखे नाहीत हे आपल्याला ऐकताक्षणीच कळते. म्हणजे रेघ "कळलं आणि नाही कळलं" यांच्यात नाहीच.

मग ती कुठं आहे? ह्यूम या स्कॉटिश तत्त्ववेत्त्यानं 1748 मध्ये म्हटलं चमत्कार म्हणजे निसर्गनियमाचा भंग. पण त्यात अडचण अशी की नियम मोडला असं दिसलं तर आपण नियमच दुरुस्त करतो. आकाशातून दगड पडतात हे युरोपातले बरेच विद्वान खेड्यातल्या लोकांच्या गप्पा समजत होते, 1803 मध्ये फ्रान्समध्ये लेगल गावाजवळ हजारो दगड पडले, बियो नावाचा शास्त्रज्ञ जाऊन तपासून आला आणि नंतर सगळ्यांनी मानलं. नियम मोडला नाही, फक्त आपली यादी अपुरी होती. आजचं फिजिक्स जे सांगते तेवढंच नैसर्गिक म्हणावं तर ती यादी अपुरीच आहे, आणि उद्याचं पूर्ण फिजिक्स म्हणावं तर त्यात काय येईल तेच माहीत नाही. हेंपेल या तत्त्ववेत्त्यानं दाखवलेला पेच तो हाच.

मला स्वतःला जी रेघ पटते ती अशी की खाली खाली खोदत गेल्यावर शेवटी काय लागते? मन नसलेल्या गोष्टी लागल्या, दगड, रेणू, चुकीचा अंदाज, तर नैसर्गिक. आणि तळाशी कोणाचीतरी इच्छा, राग, न्याय लागला, जो आणखी कशापासून बनलेलाच नाही, तर अलौकिक. असं म्हटलं की तुमच्या मुलीच्या वाक्याला अर्थ येतो आणि ते खरं की खोटं हे तपासण्यासारखं होते. जगाच्या तळाशी इच्छा नाही असा तो दावा आहे, आणि तो मोठा दावा आहे.

वाचकखोली:
धंतोली, मग माणसाचं मन काय? माझी इच्छा रेणूंपासून बनली हे अजून कोणी पूर्ण दाखवलं नाही. मी अलौकिक का?

महाल_संस्कृत:
हा प्रश्न मस्त आहे आणि इथंच आपल्या दर्शनांकडे पाह्यला पाहिजे, कारण आपल्याकडे रेघ दुसरीकडून गेली आहे. सांख्य दर्शनात बुद्धी, अहंकार, मन हे सगळे प्रकृतीतच, म्हणजे जड जगातच येतात. राग आला, इच्छा झाली, हे सगळं प्रकृती. बाहेर फक्त पुरुष, म्हणजे शुद्ध जाणीव, जी काही करत नाही, नुसती पाहते. त्यामुळे सांख्यवाल्याला तुम्ही इच्छा असलेलं भूत दाखवलं तरी तो म्हणेल, बरं, हेही प्रकृतीचंच.

आणि अलौकिक या शब्दाचंही पाहा. नव्य न्याय या तर्कशास्त्राच्या परंपरेत अलौकिक प्रत्यक्षाचं (प्रत्यक्ष म्हणजे थेट जाणणं) ठरलेलं उदाहरण म्हणजे दुरून चंदनाचा तुकडा पाहून "सुगंधी चंदन" असं दिसणं. वास नाकापर्यंत आलाच नाही, आधीच्या ओळखीतून तो दिसण्यात मिसळला. यात भुताखेताचं काहीच नाही. लौकिक म्हणजे इंद्रियाचा वस्तूशी नेहमीसारखा संबंध, अलौकिक म्हणजे तसा नाही, बस. इंग्रजीतला सुपरनॅचरल आपण या शब्दावर चढवला आणि मग गोंधळ झाला.

मी वर्गात वैशेषिक सूत्रं शिकवते तेव्हा सुई आणि चुंबक घेऊन जाते. ती सूत्रं रचणारा कणाद म्हणतो सुई चुंबकाकडे जाते ते अदृष्टामुळं, म्हणजे न दिसणाऱ्या कारणामुळं, आग वर उठते तेही अदृष्टामुळं. आणि त्याच परंपरेत माणसाच्या पापपुण्याचं फळ देणारंही अदृष्टच. मी सुई टेबलावर ठेवते, चुंबक हळूहळू जवळ नेते, बोटभर अंतरावर ती थरथरते आणि एकदम उडी मारून चिकटते, मुलं दरवेळी आवाज करतात. मग विचारते, यातलं अदृष्ट आता कुठं आहे? सुईचं आणि आगीचं काम पुढं भौतिकशास्त्रानं घेतलं. पण कोणाचं किती पुण्य हे ज्याला कळलं पाहिजे ते अदृष्ट सुईसारखं नाही, त्याला हिशेब ठेवावा लागतो, योग्य-अयोग्य ओळखावं लागते. एकाच शब्दात धंतोलींच्या रेघेच्या दोन्ही बाजू राहत होत्या. याच्यावर मी किती वर्षं विचार करून राहिले.

जागर_नागपूर:
मी गावोगाव प्रबोधनाचे कार्यक्रम करतो, तत्त्वज्ञान माझा विषय नाही. एवढंच सांगतो की आपला 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा अलौकिक असते की नसते यात पडतच नाही. साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र करणं हा गुन्हा. भूत आहे असं मानणं हा गुन्हा नाही, भूत उतरवायला बाईला साखळीनं बांधणं हा गुन्हा. कार्यक्रमात मी आबाजींसारख्यांना कधी खोटं पाडत नाही. काठी झाडाशी होती ना, मग होतीच.

बेसारोडवाला:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री धंतोली_७७ यांचा प्रश्न मी साध्या भाषेत आबाजींना विचारला. म्हटलं आबाजी, चकव्याला तुमच्याकडून काही पाह्यजे होतं का? ते बराच वेळ विचार करत बसले. मग म्हणाले, "त्याले काय पाह्यजे राहीन? तो त्या जाग्याचा गुण हाये. पाणी उताराले जाते तसा." मुलीनं माझ्याकडे पाह्यलं, म्हणजे ती आणि आबाजी रेघेच्या एकाच बाजूला निघाले, भांडण होतं ते शब्दाचं.

तेवढ्यात आजी आतून म्हणाली, "गुण हाये तं मंग मी दरसाली त्या मोहाखाली नारळ कोनाले ठेवत होती?" आबाजींनी उत्तर दिलं नाही. मुलगी उठून आजीजवळ जाऊन बसली आणि विचारायला लागली की नारळ ठेवताना तू काय म्हणत होतीस, त्याच्याशी बोलत होतीस का. आजी म्हणाली हो.