शुगर १२ वर्षांची, पाय दुखत नाही म्हणून आबा नवरात्रात अनवाणी राहतो म्हणलालेत, काय करू?

औशाचा_पोरगा
नमस्कार मंडळी. आमचे आबा ६१ वर्षांचे, शुगर निघून १२ वर्षं झाली, गोळ्या घेतेत पण पथ्य काई नाई. मागच्या महिन्यात एचबीए१सी, म्हंजे तीनेक महिन्यांच्या शुगरची सरासरी, ९.४ आलं. बीपीची गोळी पण चालूय अन् तंबाखू-चुना दिवसातून आठ-दहा वेळा. दोनेक वर्षं तळपायाला मुंग्या यायच्या, रात्री इतकी आग व्हायची की ओलं फडकं गुंडाळून झोपायचे. आता म्हणतेत आग थांबली, बरं वाटतंय. पण मला येगळंच दिसलालंय. परवा रानातून येताना एका पायातली चप्पल निघून पडली अन् यांना घरी येईस्तोवर कळलंच नाई. कापसावर चालल्यागत वाटतंय म्हणतेत. डॉक्टर म्हणले नसा खराब झाल्यात.

आता घटस्थापनेपासून नऊ दिवस चप्पल घालायची नाई हा आबांचा तुळजाभवानीचा ३० वर्षांचा नेम, अन् त्याच दिवसांत सोयाबीनची काढणी. सोयाबीनची खुंटं कशी असतेत तुम्हाला सांगायची गरज नाई. मी अडवलं तर म्हणतेत पाय दुखत नाई, हात लावून बघ गरम हाय, रक्त चांगलं फिरतंय, नसा कशाच्या खराब? जखमेचा धोका नेमका कुणाला जास्त असतो? आबा त्यात येतेत का?

उपकेंद्रातली_सिस्टर
भाऊ, येतात, आणि बरेच वर येतात. आधी एक घोळ काढते. आपल्याकडं रक्तवाहिनीलाही नस म्हणतात आणि मेंदूला खबर देणाऱ्या तंतूंनाही नसच म्हणतात. डॉक्टर दुसऱ्याबद्दल बोलले, आबा पहिल्याचं बघायलेत. खबर देणाऱ्या नसा गेल्या तरी पाय गरमच असतो, कधी कधी जास्तच गरम लागतो, कारण पायाचा घाम आणि रक्तपुरवठा सांभाळणाऱ्या बारीक नसा पण त्यातच जातात. म्हणून तळवा कोरडा पडतो, टाचेला भेगा पडतात. आबांच्या टाचा बघा.

आणि आग थांबली म्हणजे बरं झालं असं धरू नका. काही जणांत नस पार मेली की आगही बंद होते.

धोका कशाकशानं वाढतो म्हणाल तर शुगर किती वर्षांची आहे आणि किती वर्षं वर राहिली हे पहिलं, मग वय, बीपी, रक्तातली चरबी, वाढलेलं वजन, किडनी खराब असणं, दारू, तंबाखू. तंबाखू ओढली काय न चघळली काय, निकोटिन रक्तात जातंच आणि रक्तवाहिन्या आकसतात. पण नुसत्या बधिरपणानं जखम होत नाही, त्यावर काहीतरी लागतं. कुरूप, वाकडी झालेली बोटं, चावणारी चप्पल, अनवाणी चालणं, नजर कमी झालेली असणं. आणि पूर्वी एकदा जखम होऊन गेली असेल तर सगळ्यात जास्त धोका, भरलेल्या जखमांपैकी साधारण ४० टक्के वर्षभरात परत होतात. आबांना आधी कधी झाली होती का ते लिहा.

घरी एक करून बघा, याला इप्सविच टच टेस्ट म्हणतात. आबांना डोळे मिटायला लावा, दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी, अशा सहा टोकांना तुमच्या बोटानं नुसतं अलगद टेकवा, एक-दोन सेकंद, दाबायचं नाही, टिचकी मारायची नाही. सहापैकी दोन किंवा जास्त कळले नाहीत तर संवेदना कमी झाली असं धरायचं आणि दवाखान्यात नीट तपासणी करून घ्यायची.

उदगीरची_सून
दादा, आबांना हे वाचून दाखवा. माझे सासरे, शुगर १५ वर्षांची, त्यांचाही असाच नवरात्राचा नेम. चौथ्या माळेला माझी लेक म्हणली आजी कुंकू सांडलंय बघ. शहाबादी फरशीवर देवघरापासून दारापर्यंत लाल ठिपके. मामांजींच्या अंगठ्याखाली खुंट घुसून मोडलेलं होतं, कधी घुसलं त्यांना माहीतच नाही, त्यावर ते दोन दिवस रानात फिरलेले. आम्ही हळद भरली, पट्टी बांधली, वाटलं दुखत नाही तर लहानसंच असेल. आठ दिवसांनी पाय टम्म सुजला, वास यायला लागला, ताप. गावात एकानं पावडर टाकून दिली त्यात आणखी पाच दिवस गेले. शेवटी मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा अंगठा काढावा लागला. मामांजी ड्रेसिंगच्या वेळी सुद्धा आई गं म्हणले नाहीत, डॉक्टर म्हणाले हेच तर वाईट आहे. पुढच्या वर्षी ते देवीपुढं बसून म्हणले, माय, आता चपला घालून येतो, समजून घे. मला अजून ते आठवलं की भरून येतं.

रानातला_माणूस
सगळं खरं पण घाबरवू नका राव. आमच्या वडलांनी जन्मभर अनवाणी शेत केलं, शुगर होती, काई झालं नाई. अन् मुंग्या बी१२ कमी असल्यावर पण येतेत, माझ्या भावाला इंजेक्शनं दिली, महिन्यात फरक पडला. आधी ते बघा.

उपकेंद्रातली_सिस्टर
बी१२ चं बरोबर बोललात दादा. बरीच वर्षं मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी चालू असेल तर बी१२ कमी होऊ शकतं, त्यानंही नसा बिघडतात, तेव्हा ती तपासणी कराच. पण बी१२ भरून निघालं तरी शुगरनं झालेलं नुकसान तसंच राहतं, आणि बारा वर्षांत एकदाही पाय तपासला नसेल तर आधी तोच तपासायचा. टाइप टू मध्ये शुगर निघाली त्याच वर्षापासून दरवर्षी पाय बघायचा असतो, कारण काहींना निदानाच्या आधीच नसा बिघडलेल्या असतात.

औशाचा_पोरगा
सिस्टर, आधी जखम कधी झाली नाई. काल जेवणं झाल्यावर आबांची टेस्ट केली. सहातले चार कळले नाईत. उजव्या पायाचा तर एकपण नाई. पहिल्यांदा म्हणले तू बोट लावलंच नाई. मग आईनं डोळे मिटले, तिनं सहाच्या सहा सांगितले. आबा लई येळ गप बसले. टाचेला भेगा हायेत, डाव्या करंगळीखाली कुरूप हाय अन् ते दाढीच्या ब्लेडनं स्वतःच तासतेत हे पण कालच कळलं. उदगीरच्या ताईंचं वाचून दाखवलं. देवळात गेल्यावर तेवढी काढतो, रानात घालतो, इथपर्यंत आलेत. मंगळवारी लातूरला घेऊन चाललोय. काय काय तपासायला सांगू अन् चप्पल कसली घेऊ?

उपकेंद्रातली_सिस्टर
आईंची टेस्ट केलीत ते लई छान केलं. तिथं १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट, म्हणजे नायलॉनचा बारीक दोरा टेकवून बघतात, १२८ चा ट्यूनिंग फोर्क, म्हणजे थरथरणारा धातूचा चिमटा, लावून कंप कळतो का बघतात, घोट्याचा आणि दंडाचा बीपी मोजून रक्तपुरवठा बघतात. सोबत किडनीसाठी क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन, शिवाय डोळ्याचा पडदा. कुरूप तिथंच काढून घ्या, ब्लेड आजपासून बंद, कुरूपाच्या पट्ट्या पण नकोत. एक पाय अचानक लाल, गरम, सुजलेला दिसला, दुखत नसला तरी, त्याच दिवशी दवाखाना.

उपवास करणार असतील तर गोळ्यांचं आधी डॉक्टरांना विचारा, शुगर एकदम खाली जाऊ शकते. अंघोळीचं पाणी पायानं नाही, आईंच्या कोपरानं बघायचं. खोबरेल तळव्याला लावा, बोटांच्या बेचक्यात नको. रोज रात्री पाय तुम्ही बघायचा, त्यांना वाकून दिसणार नाही.

चप्पल अंगठ्यात अडकवायची नको. मऊ एमसीआर, म्हणजे बारीक छिद्रांच्या रबराच्या, सोलची, मागं पट्टा असलेली घ्या, पण रानात काढणीला ती पुरायची नाही, तिथं जाड तळाचा बंद बूट आणि सुती मोजे. घालायच्या आधी आत हात फिरवून खडा-काटा बघायचा. माप द्यायला संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडा सुजलेला असतो.