नव्या पाळकांसाठी मंडळीपुढे एकच नाव ठेवावे की दोन?

प्रश्न – निवड समितीची सदस्या

सर्वांना प्रभूमध्ये सलाम. आमच्या लूथरन मंडळीचे (स्थानिक चर्चचे) पाळक (धर्मगुरू) दीर्घ सेवेनंतर निवृत्त झाले असून, नव्या पाळकांच्या शोधासाठी मंडळीने नेमलेल्या समितीत मी आहे. मुलाखतींनंतर दोन उमेदवार आम्हा सर्वांना सारखेच योग्य वाटले. आमच्या घटनेप्रमाणे पाचारण, म्हणजे पाळकपदासाठीचे रीतसर बोलावणे, देण्यासाठी त्या कारणाने बोलावलेल्या सभेत दोन-तृतीयांश मते मिळावी लागतात. पाचारणाचा अधिकार समितीचा नसून मंडळीचा आहे, म्हणून दोघांनाही उपदेशासाठी बोलवावे आणि मंडळीला त्यांतून निवडू द्यावे, असे समितीतील काहींचे मत आहे. उरलेल्यांना त्यात फुटीची भीती वाटते. शिवाय उमेदवार कोण आहेत आणि सध्या कोठे सेवा करतात, हे सभासद सतत विचारतात व आमच्या मौनाला अविश्वास समजतात. यात आमच्या निवृत्त पाळकांचा सल्ला घ्यावा का, तेही सांगावे.

उत्तर – एक निवृत्त पाळक

ताई, अधिकार मंडळीचाच आहे, यात शंका नाही. जर्मनीतल्या सॅक्सनीतील लीस्निगच्या मंडळीला आपले पाळक स्वतः नेमायचे होते, पण नेमणुकीचा हक्क परंपरेने जवळच्या मठाकडे होता. तेव्हा 1523 मध्ये मार्टिन लूथर यांनी शिकवण पारखण्याचा आणि शिक्षक बोलावण्याचा हक्क ख्रिस्ती मंडळीला आहे, असे शास्त्राच्या आधारे लिहिले. मात्र लूथरन श्रद्धेचे मूळ निवेदन असलेल्या 1530 च्या ऑग्सबर्ग विश्वासांगिकाराचे चौदावे कलम असेही सांगते की, रीतसर पाचारण झाल्याखेरीज कोणीही मंडळीत जाहीरपणे शिकवू नये किंवा संस्कारविधी चालवू नयेत. ती रीत व्यापक चर्चशी विचारविनिमय करून पाळायची असते, म्हणूनच अमेरिकेतील इव्हॅन्जेलिकल लूथरन चर्चमध्ये मंडळी मतदान करण्याआधी सिनडच्या, म्हणजे प्रादेशिक विभागाच्या, बिशपांचा सल्ला घेते.

समितीने एकच नाव मांडावे, असे मला वाटते. दोन नावे ठेवली की मतदान एका सेवकाच्या पाचारणाचे न राहता दोन व्यक्तींमधल्या तुलनेचे होते, आणि ज्यांचा उमेदवार मागे पडतो ते नव्या पाळकांकडे पहिल्या दिवसापासून पराभवाच्या नजरेने पाहतात. एकच नाव असले तरी मंडळीला ‘नाही’ म्हणण्याचा पूर्ण अधिकार राहतोच. दोन-तृतीयांशांची अट त्यासाठीच असते.

तुमच्या निवृत्त पाळकांबद्दल मला आग्रहाने सांगायचे आहे की, त्यांचा सल्ला घेऊ नका. मी स्वतः निवृत्त झाल्यावर या विषयावर बोलण्याचे टाळले. ज्यांच्या हातून लोकांचे बाप्तिस्मे आणि विवाह झाले, त्यांनी सहज उच्चारलेले नावही सभासदांना आज्ञेसारखे वाटते. वर सांगितलेल्या चर्चच्या आदर्श घटनेत तर हंगामी पाळकांनीसुद्धा निवडीवर प्रभाव टाकू नये, असे स्पष्ट म्हटले आहे.

उत्तर – दुसऱ्या मंडळीच्या समितीत काम केलेला सभासद

गुप्ततेबाबत लिहितो. बहुतेक उमेदवार त्या वेळी दुसऱ्या एखाद्या मंडळीचे पाळक असतात, आणि आपले पाळक जाण्याचा विचार करीत आहेत हे तेथील लोकांना बाहेरून कळले, तर ते येथे न येताही त्यांची तिथली सेवा अवघड होऊन बसते. हे कारण सभासदांना उघडपणे सांगितले की बहुतेकांना पटते, कारण आपल्या पाळकांच्या बाबतीत तसे घडलेले कोणालाच आवडणार नाही. नावे सोडून बाकी सारे मात्र सांगत राहा: किती मुलाखती झाल्या, कोणते प्रश्न विचारले, बिशपांशी काय बोलणे झाले, पुढचा टप्पा कोणता. समितीने काहीच सांगितले नाही की अफवा त्या रिकाम्या जागेत शिरतात.

आणखी एक विनंती आहे. उमेदवारांना तुम्ही मंडळीची जी माहिती दिली असेल, ती पुन्हा एकदा तपासून पाहा. उपस्थिती घटत असेल, इमारतीचे कर्ज असेल किंवा जुना वाद अजून मिटलेला नसेल, तर पाळकांनी ‘होय’ म्हणण्यापूर्वी त्यांना ते तुमच्याच तोंडून कळायला हवे.

उत्तर – मिसूरी सिनडच्या परंपरेतील सभासद

पाळकसाहेबांचा मान राखून थोडा वेगळा अनुभव मांडतो. 1847 मध्ये स्थापन झालेल्या आमच्या सिनडमध्ये (येथे सिनड म्हणजे अमेरिकेतील एक संपूर्ण लूथरन चर्चसंस्था) तिच्या प्रादेशिक जिल्ह्याच्या अध्यक्षांकडून नावांची यादी येते, आणि मतदारांच्या सभेपुढे एकाहून अधिक नावे ठेवण्याची प्रथा पुष्कळ मंडळ्यांत आहे. निवड झाल्यावर ती एकमताने झाली असे नोंदवण्याचा ठराव अनेकदा लगेच मांडला जातो आणि पराभूत बाजूचे लोकही त्याला मत देतात. त्यामुळे दोन नावांनी फूट पडतेच असे नाही. पण आमच्याकडे सभासदांना ही रीत लहानपणापासून परिचित असते. तुमच्या मंडळीत ती प्रथमच आणत असाल, तर पाळकांची निवड हा तिच्या प्रयोगाचा प्रसंग नव्हे.

हेही लक्षात असू द्या की पाचारण मिळालेले पाळक आपल्या सध्याच्या मंडळीचे आणि नव्या मंडळीचे, अशी दोन्ही पाचारणे प्रार्थनेत तोलतात आणि कधीकधी नवे पाचारण परत करतात. तसे झाले तर तो मंडळीचा अपमान मानू नये.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. नकाराची शक्यता आम्ही विचारातच घेतली नव्हती. एकच नाव मांडले आणि त्यांनी पाचारण परत केले, तर नंतर आम्ही दुसऱ्या उमेदवारांकडे गेल्यास ते त्या दुसऱ्या उमेदवारांना कमीपणाचे वाटणार नाही का?

उत्तर – एक निवृत्त पाळक

म्हणूनच दुसरे नाव सभेत उच्चारले जाऊ नये, ताई. पहिल्या पाचारणाचा निर्णय होईपर्यंत दुसऱ्या उमेदवारांना समितीने ‘शोध अजून पूर्ण झालेला नाही’ एवढेच, पण खरे, कळवावे आणि उगाच आशा लावू नये. नंतर त्यांच्याकडे जाण्याची वेळ आलीच, तर बिशपांशी बोलून समितीने त्यांच्याशी नव्याने भेट घ्यावी आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र सभा बोलवावी. त्या सभेत त्यांचेच एक नाव असेल आणि त्यांनाही तीच दोन-तृतीयांश मते लागतील. वेतन, निवास, रजा आणि निवृत्तिवेतन यांचे आकडे पाचारणपत्रात पहिल्या उमेदवारांइतकेच ठेवा.