मुंबईत दोघांसाठी दोन रात्री: जुन्या वळणाची, पण परवडणारी खोली कशी शोधायची?

जुळे_सोलापूर
नमस्कार मंडळी. लग्नाच्या वाढदिवसाला फेब्रुवारीत शुक्रवार ते रविवार, दोघंच मुंबईला जायचा बेत आहे. एका रात्रीला सगळं धरून ४,५०० रुपयांपर्यंत खर्च करू शकतो. कुठल्याही गावात सारखीच दिसते तसली खोली नको. उंच छत, लाकडी खिडकी, जुनी फरशी आणि खाली उतरलं की चालत समुद्र, असं काही हवंय. ऑनलाइन फोटो सगळेच छान दिसतात, त्यावरून खरं-खोटं ओळखायचं कसं? आणि सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं गेलो तर सकाळी सातला खोली मिळते का? जाणकारांनी नीट सांगा.

सात_रस्ता
मालक, आधी भाग ठरवा, मग हॉटेल. मुंबईत दोन दिवसांतला निम्मा वेळ प्रवासात जाऊ शकतो. अंधेरीत हजार रुपये वाचवून रोज दक्षिण मुंबईत ये-जा करण्यापेक्षा फोर्ट, चर्चगेट किंवा कुलाब्यात लहान खोली घेतलेली बरी. गाडीतून सीएसएमटीला उतरलात की हे तिन्ही भाग दोन-तीन किलोमीटरच्या आत आहेत.

समुद्राचं एक लक्षात ठेवा. मरीन ड्राइव्ह पश्चिमेला तोंड करून आहे, तिथं सूर्यास्त दिसतो. कुलाब्यात गेटवेच्या बाजूचा किनारा पूर्वेला, बंदराकडे आहे. तिथं सूर्योदय दिसतो आणि पहाटे होड्या डुलत असतात. संध्याकाळी कट्ट्यावर बसायचं असेल तर चर्चगेट-मरीन ड्राइव्ह, सकाळी लवकर उठून शांत फिरायचं असेल तर कुलाबा. मरीन ड्राइव्हच्या गोल कोपऱ्यांच्या, आडव्या पट्ट्यांच्या सज्जांच्या इमारती आर्ट डेको पद्धतीच्या आहेत. ओव्हल मैदानाच्या दोन्ही अंगांच्या इमारतींसह त्या २०१८ साली जागतिक वारशाच्या यादीत गेल्या. म्हणजे तुम्हाला हवा असलेला बाज तिथं रस्त्यावरच आहे. खोली साधी असली तरी खिडकीतून तो दिसला पाहिजे.

फोर्टमध्ये बॅलार्ड इस्टेट हा माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित भाग. गेटवे ज्यांनी आखला त्या जॉर्ज विटेट यांनीच ही वसाहतही आखली. रुंद रस्ते, एका उंचीच्या दगडी इमारती. आठवडाभर कचेऱ्यांची वर्दळ आणि रविवारी शुकशुकाट. हातात हात घालून फिरायला मुंबईत याहून निवांत रस्ते मिळणं कठीण. तोटा एवढाच की फोर्टातल्या बऱ्याच खाणावळी रविवारी बंद असतात, त्यामुळे रविवारच्या जेवणाची जागा आधी ठरवून ठेवा.

आता फोटो. हॉटेलनं टाकलेले फोटो बाजूला ठेवा आणि राहून गेलेल्या लोकांनी टाकलेले बघा. त्यात खोली किती सजवली आहे हे बघू नका. खिडकी, छत आणि भिंत बघा.

फोटोत खिडकी दिसतच नसेल किंवा पडदा कायम ओढलेला असेल तर ती बहुधा डक्टमध्ये उघडते, म्हणजे इमारतीच्या मधल्या पोकळीत, जिथं सगळ्यांचे पाइप आणि एसीची यंत्रं असतात. उजेड नाही, वर घरघर. छताला जुनी नक्षीची पट्टी असेल तर ती चारही भिंतींवरून सलग फिरते का ते पाहा. एका भिंतीपाशी ती मध्येच तुटली असेल किंवा खिडकी अर्धी कापल्यासारखी कोपऱ्यात अडकली असेल, तर जुन्या मोठ्या दालनाला मध्ये प्लायवूड घालून दोन-तीन खोल्या केल्या आहेत असं समजा. शेजारच्याचा खोकलासुद्धा ऐकू येईल. दोघांच्या सहलीला याच्याइतका बेरंग करणारं दुसरं काही नाही. बाथरूमचंही तेच: नंतर बसवलेल्या 'अटॅच्ड' बाथरूमची भिंत कधी कधी छतापर्यंत गेलेलीच नसते.

चांगल्या खुणा म्हणजे रंगीत सिमेंटच्या नक्षीदार फरश्या, जाड सागवानी दार, लांब दांडीचा पंखा, दाराच्या वर हवेची झडप. या गोष्टी सहसा कोणी मुद्दाम बनवून बसवत नाही, त्या असतील तर बहुधा मूळच्याच असतात. मात्र चौदा फूट उंच छताच्या खोलीला एक टनाचा एसी तोकडा पडतो. फेब्रुवारीत पंख्यावर भागेल, मे महिन्यात नाही.

विजापूर_वेस
सात रस्ता दादांच्या यादीत माझी भर. फोन करून हे विचारा, आणि याच शब्दांत विचारा, नाहीतर "हो हो, सगळं आहे" एवढंच उत्तर मिळतं.

"डबल बेड एकसंध आहे की दोन सिंगल जोडलेत?" जोडलेल्या पलंगांच्या मधली फट रात्रभर रुंदावत जाते. रुंदीही विचारा. जुन्या लॉजमध्ये चार फुटांच्या पलंगालाही डबल म्हणतात. दोघांना किमान पाच फूट हवा.

"गीझर किती लिटरचा?" पंधरा लिटरचा असेल तर एकाची आंघोळ झाल्यावर पाणी पुन्हा तापायला पंधरा-वीस मिनिटं धरा. तीन लिटरचा इन्स्टंट असेल तर नळ बारीक सोडावा लागतो. काही ठिकाणी गरम पाणी ठरावीक वेळेतच सोडतात, तेही विचारून घ्या.

"लिफ्ट कोणत्या मजल्यापासून, आणि रात्री चालू असते का?" जाळीच्या दाराच्या जुन्या लिफ्ट देखण्या असतात, पण दार कोणी उघडं टाकलं तर हलत नाहीत. एकाच इमारतीत दोन-तीन गेस्टहाउस वेगवेगळ्या मजल्यांवर असतात, त्यामुळे मजला आणि नाव दोन्ही लिहून ठेवा. रात्री मुख्य दार किती वाजता बंद होतं तेही विचारा. मरीन ड्राइव्हवरून बारा वाजता परत आलात आणि खाली कुलूप, असं व्हायला नको.

"सी फेसिंग की साइड व्ह्यू?" साइड व्ह्यू म्हणजे खिडकीतून मान काढून समुद्राची पट्टी दिसते. त्याचे जादा पैसे देऊ नका. अगदी समोरच्या खोलीला गाड्यांचा आवाज रात्री उशिरापर्यंत असतो, हे धरूनच ती घ्या. झोप हलकी असेल तर मागची खोली घ्या आणि कट्टा तर खाली आहेच.

पोचल्यावर पैसे भरण्याआधी खोली बघायला मागा. गादीच्या शिवणीजवळ आणि पलंगाच्या डोक्याकडच्या फटीत मोबाइलचा उजेड टाका. बारीक काळे ठिपके दिसले तर ढेकूण आहेत. दुसरी खोली मागू नका, दुसरं हॉटेल बघा. ढेकूण बॅगेतून सोलापूरला येतात आणि मग घरातल्या चादरींतून काढता काढता महिने जातात.

रेल्वे_लाइन्स
गाडी आणि खोलीचं गणित एकत्र मांडा, तिथंच लोक चुकतात.

सिद्धेश्वर रात्री सुटून सकाळी सातच्या सुमारास सीएसएमटीला लावते. हॉटेलांचं चेक-इन बहुतेक ठिकाणी दुपारी बारा किंवा त्यानंतर. म्हणजे पाच तास मोकळे. यावर तीन उपाय. काही जुन्या लॉजमध्ये चोवीस तासांचा हिशोब असतो: सातला आलात तर दुसऱ्या दिवशी सातपर्यंत. पण मग शेवटच्या दिवशी सकाळी सातला खोली सोडावी लागते. दुसरा उपाय, लवकर खोली देण्याचे किती घेता ते आधी ठरवून लेखी घ्यायचं. अर्ध्या दिवसाचं भाडं मागत असतील तर घेऊ नका. तिसरा आणि स्वस्त उपाय: हॉटेलवर बॅगा टाकायच्या, तिथल्या कॉमन बाथरूममध्ये तोंड धुऊन बाहेर पडायचं. सकाळी मरीन ड्राइव्ह, मग नाश्ता, आणि सव्वादहाला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय उघडतं. बारापर्यंत वेळ कसा गेला कळत नाही. बॅगा सीएसएमटीच्या क्लोकरूममध्येही ठेवता येतात, पण बॅगेला कुलूप हवं आणि जवळ तिकीट हवं.

याउलट वंदे भारत सोलापूरहून सकाळी सहानंतर लगेच सुटते आणि दुपारी साडेबाराच्या सुमारास पोचते. थेट चेक-इनची वेळ. झोप पूर्ण, आंघोळ घरची, आणि खोलीत पाय ठेवताना अंगात थकवा नसतो. परतीची मुंबईहून दुपारी चारनंतर आहे, रात्री अकराच्या आत सोलापुरात. गुरुवारी ती सोलापूरहून आणि बुधवारी मुंबईहून सुटत नाही. शुक्रवार-रविवारला अडचण नाही. माझं मत: जाताना वंदे भारत, येताना सिद्धेश्वर. म्हणजे रविवारची संध्याकाळ पूर्ण मिळते आणि सोमवारी सकाळी सोलापूर. खोली रविवारी दुपारी सोडून बॅगा तिथंच ठेवायच्या, बहुतेक ठिकाणी त्याचे पैसे घेत नाहीत.

आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. आधी तिकीट कन्फर्म करा, मग खोलीचे पैसे भरा. ऑनलाइन काढलेलं वेटिंगचं तिकीट चार्ट लागल्यावर आपोआप रद्द होऊन पैसे परत येतात. खोलीचे येतीलच असं नाही.

जुळे_सोलापूर
सगळ्यांचे आभार, वंदे भारतचं पटलं. आणखी दोन शंका. आमच्या हिच्या आधारवर माहेरचं नाव आहे, त्यानं अडेल का? आणि वेबसाइटवर बुक करायचं की थेट फोनवर? शक्य असेल तर एक-दोन ठिकाणांची नावंही सांगा.

सात_रस्ता
आडनाव वेगळं असल्यानं काही अडत नाही. दोघांचं वय अठराच्या वर आणि दोघांची मूळ ओळखपत्रं, एवढंच लागतं. आधार, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना किंवा पासपोर्ट चालतो. पॅन कार्डावर पत्ता नसतो म्हणून ते सहसा घेत नाहीत. प्रत द्यायची असेल तर आधारची मास्क केलेली प्रत द्या, तिच्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात.

बुकिंग: वेबसाइटवर भाव बघा, मग हॉटेलला फोन करून तीच तारीख सांगा. वेबसाइटला द्यायचं कमिशन वाचत असल्यानं थेट बोलल्यावर लहान हॉटेलं बरेचदा थोडं कमी करतात, भाव नाही तर खिडकीची खोली तरी देतात. मला विचाराल तर खिडकीच मागा. ठरलं की "अमुक तारीख, अमुक खोली, करासह इतके रुपये" असा मेसेज त्यांच्याकडून मागवून ठेवा. मात्र नंबर हॉटेलच्या स्वतःच्या वेबसाइटवरून घ्या. नकाशावर हॉटेलच्या नावाखाली भामट्यांचे नंबर टाकलेले असतात, क्यूआर कोड पाठवून पूर्ण रक्कम मागतात. पैसे गेले तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर तितकी रक्कम अडवण्याची शक्यता कमी.

कर: सप्टेंबर २०२५ पासून रोजच्या ७,५०० पर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्यावर गेलं की १८ टक्के. तुमच्या ४,५०० मध्ये कर बसवायचा तर मूळ भाडं ४,२८५ च्या आत हवं. कधी मन मोठं करून सी फेसिंग घ्यायचं ठरलं तर ही रेघ लक्षात ठेवा: ७,५०० ची खोली करासह ७,८७५ ला पडते, ७,६०० ची ८,९६८ ला.

नावं: कुलाब्यात बेंटलीज आणि मरीन ड्राइव्हवर सी ग्रीन, ही दोन्ही जुन्या वळणाची म्हणून ओळखली जातात. मादाम कामा रस्त्यावर वाय.डब्ल्यू.सी.ए.चं अतिथिगृह साधं आहे, पण जागा मोक्याची. भाव तारखेनुसार हलतात, तेव्हा तिन्हीकडे विचारा आणि वरचे प्रश्न तिथंही सोडू नका.

विजापूर_वेस
गिरगावातली खोताचीवाडीही डोक्यात ठेवा. लाकडी कठड्याची, बाहेरून जिना असलेली जुनी घरं, अरुंद बोळ. तिथं किंवा वांद्र्याच्या रानवर गावठाणात घरगुती मुक्काम शोधता येतो. केंद्राच्या बेड अँड ब्रेकफास्ट योजनेत एक ते सहा खोल्यांची घरं बसतात आणि मालक त्याच घरात राहणारा लागतो, तेव्हा नोंदणी आहे का ते विचारा. लोकांची राहती वस्ती आहे, रात्री बोळात आवाज जपून. आता मेट्रोची तीन नंबरची लाइन गिरगाव, सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट करत कफ परेडपर्यंत जाते, म्हणून गिरगाव लांब वाटायचं कारण उरलं नाही. वांद्र्याला मात्र एक लक्षात ठेवा: रिक्षा दक्षिण मुंबईत येत नाही, तिकडे यायला टॅक्सी किंवा लोकल. आणि रविवारी दुरुस्तीसाठी लोकलला बरेचदा मेगाब्लॉक असतो, वेळापत्रक आदल्या दिवशी बघा.

रेल्वे_लाइन्स
तारखेबद्दल एवढंच. काळा घोडा कला महोत्सव जानेवारीअखेर-फेब्रुवारीत नऊ दिवस असतो. आवड असेल तर तेच दिवस धरा, पण खोली महिनाभर आधी घ्या. गर्दी नको असेल तर पुढचा आठवडा. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात, शनिवारी सकाळी नऊची पहिली होडी गाठा. दुपारच्या उन्हात त्या पायऱ्या चढू नका.