मदत हवी आहे: बाथरूममागच्या भिंतीला ओल

मंडळी, वाशीत आमचं सिडकोचं जुनं घर आहे. बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीला खालून दोन फूट ओल येते. दिवाळीआधी मीच पोपडे खरवडून पुट्टी आणि रंग मारला (सौ. नको म्हणत होती), होळीपर्यंत सगळं पुन्हा फुगलं! म्हणजे पावसाचं पाणी नाही. भिंतीला प्लास्टिकचा तुकडा चिकटपट्टीनं सगळीकडून बंद करून 2 दिवस ठेवला, तर थेंब भिंतीकडच्या बाजूला, म्हणजे ओल भिंतीतूनच येतेय. नळ बंद ठेवले की पाण्याचं मीटर फिरत नाही, म्हणजे नळाची पाइप गळत नसावी, त्यामुळे संशय नहाणी ट्रॅपवर (बाथरूमच्या फरशीतलं सांडपाणी जायचं जाळीखालचं भांडं). मिस्त्री सरळ सगळ्या लाद्या फोडा म्हणतो. आधी लाद्यांचे सांधे खरवडून इपॉक्सी ग्राउट (फटीत भरायचा, पाणी न झिरपू देणारा मसाला) भरलं तर भागेल का? कुणी स्वतः केलंय?